चौथी सुई

तिसऱ्या कागदावरही ती रेघ होती. चंदाने कागद खिडकीच्या उजेडात धरला, तिरपा केला, डोळ्यांच्या अगदी जवळ आणला. रेघ हलली नाही. केसाएवढी बारीक, पांढरी, प्रत्येक अक्षराच्या कमरेच्या किंचित वरून गेलेली. जणू ओळ छापून झाल्यावर तिच्यावरून कोणी ब्लेडचे टोक ओढले असावे. पहिले दरपत्रक नागपूरच्या फर्मचे, त्यावर जांभळा शिक्का. दुसरे वर्ध्याच्या फर्मचे, शिक्का निळा. तिसरे चंद्रपूरचे, शिक्का हिरवा. सह्या तीन वळणांच्या, त्यातली एक तर मुद्दाम डाव्या हाताने केल्यासारखी. गावे तीन, रंग तीन आणि रेघ एकच. तिच्या पाठीमागे तीन फुटांवर, प्लास्टिकच्या आवरणाखाली, ती रेघ मारणारा प्रिंटर बसला होता. तिने मागे वळून पाहिले नाही. मानेवर कोणी ओला हात ठेवावा तसे तिला झाले.

प्रिंटरच्या डोक्यात नऊ सुया असतात, एकीखाली एक. त्या शाईच्या फितीवर टोचतात आणि ठिपक्याठिपक्याने अक्षर उभे राहते. वरून चौथी सुई फेब्रुवारीत मेली. 'मेली' हा शब्द लच्छूचा. कुरखेड्याचा लच्छू दुमाने, आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही शिकलेला, मासे धरणाऱ्या आणि जोडीला रानात लाख गोळा करणाऱ्या ढिवराचा मुलगा. मशीन बिघडले की त्यालाच निरोप जायचा, कारण नागपूरचा माणूस आठ-आठ दिवस येत नसे. लच्छू येऊन आधी चप्पल बाहेर काढायचा, मग हात धुवायचा, मग मशीनच्या पत्र्याला कान लावून उभा राहायचा. तेव्हाही त्याने प्रिंटरच्या डोक्याला कान लावला, एक ओळ छापून घेतली, आणि म्हणाला, "आठ बोलून राह्यल्या, बाई. एक मुकी हाय. वरतून चौथी. हे डोस्कंच नवं लागते." ते डोके कार्यालयाने आणले नाही. चंदाने मात्र नोंदवहीत लिहून ठेवले होते. आता तिने वही उघडून खात्री केली, खात्री करण्यासारखे काहीही नसताना. तिचेच अक्षर, निळ्या शाईत: १४ फेब्रुवारी १९८९. प्रिंटर. वरून चौथी सुई निकामी. प्रत्येक ओळीत पांढरी रेघ. एखादी गोष्ट पाहिली की तारीख घालून लिहायची, ही सवय तिला चंद्रपूरच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेने लावली होती. त्या सवयीचा तिला अभिमान होता. आज मार्चची तीस तारीख.

गडचिरोलीच्या त्या जंगल-माल नोंदणी कार्यालयात संगणक येऊन सव्वा वर्ष झाले होते. तेंदूपाने, बांबू, हिरडा, लाख, कुठल्या गावातून किती निघाले याचा हिशेब त्यात भरायचा. मशीन आले तेव्हा त्याच्यासाठी एक खोली रिकामी झाली, खिडक्यांना काळे पडदे लागले, आणि इमारतीतला पहिला एअरकंडिशनर बसला, तोही साहेबांच्या खोलीत नाही, या खोलीत. दसऱ्याला मशीनला हार घातला गेला, कुंकू कीबोर्डात सांडले, नारळाचे पाणी फ्लॉपीच्या फटीत गेले; तेव्हाही लच्छूनेच दोन दिवस बसून एकेक कळ उपटून पुसली होती. आता मशीनच्या हमीचे वर्ष संपले होते. पुढच्या वर्षभराच्या देखभालीचे कंत्राट द्यायचे होते, गडचिरोलीचे हे मशीन आणि कुरखेडा, राजुरा इथल्या कार्यालयांत येऊ घातलेली आणखी दोन. दरपत्रके मागवली होती, लाखेने मोहोरबंद पाकिटांत. आज सकाळी पाकिटे फोडली होती आणि चंदाने संध्याकाळी पाचपर्यंत तुलनेचा तक्ता करून, खाली 'तांत्रिक तपासणी केली, योग्य आढळले' असे लिहून सही द्यायची होती. तिची सही हवी होती कारण अख्ख्या इमारतीत विज्ञानाची पदवीधर ती एकटी होती. संगणक चालवण्यासाठीची तिची नेमणूक हंगामी होती, उद्या संपणारी; मुदतवाढीचा आदेश टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर काचेच्या गोळ्याखाली पडून होता. त्यावर साहेबांची सही व्हायची होती. कोणाची सही आधी आणि कोणाची नंतर हे कोणी तिला सांगितले नव्हते. सांगण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती, तिलाही नाही, आणि हे आत्ता लक्षात आल्यावर तिला आपल्या समजूतदारपणाचीच शिसारी आली.

चौथे पाकीट टेबलाच्या कोपऱ्यात पडले होते. लच्छूचे. त्याच्यावर लाल पेन्सिलीने लिहिले होते, 'सील भंग, अपात्र.' सकाळी साहेबांनी ते दोन बोटांत धरून उचलले तेव्हा त्याच्या तोंडावरची लाख तडकून तीन तुकडे झालेली दिसली होती. पाकीट फाटलेले नव्हते, गोंद उकललेला नव्हता, पण लाख तडकली होती. लच्छूकडे पितळेची मुद्रा नव्हती म्हणून त्याने जुने कमळाचे वीस पैशाचे नाणे उमटवले होते; ते कमळ मधोमध दुभंगले होते. बाकीच्या तीन पाकिटांवरची लाख मात्र जाड, चकचकीत, शेंदरी, वाकवली तरी न तुटणारी. साहेब हळहळल्यासारखे म्हणाले होते, "नियम म्हणजे नियम. वाईट वाटतं. स्थानिक मुलगा आहे." हेडक्लार्क बापूराव हसले होते. "ढिवराच्या पोरानं संगणकात जाळं टाकलं, साहेब. मासोळी लागली नाई." साहेबही हसले, आणि चंदा हसली नव्हती. पण हसली नाही म्हणजे तिने काय केले होते? तिने टेबलावर पडलेले लाखेचे तुकडे बोटाने गोळा करून पाकिटावर परत ठेवले होते. त्यातला एक कण तिच्या उजव्या हाताच्या नखाखाली गेला होता आणि सकाळपासून तिथेच टोचत होता.

ती लाख निव्वळ होती, हे तिला वासावरूनच कळले होते. पळसावरचे, कुसुमावरचे ते बारीक किडे फांदीला तोंड लावून रस ओढतात आणि अंगातून जे पाझरते त्याच्याच खाली स्वतःला गाडून घेतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षी हे पुस्तकात वाचले तेव्हा तिला प्रथम किळस आली होती आणि मग त्या किळसेचीच गंमत वाटली होती: सगळ्या सरकारचे गुपित एका किड्याच्या पाझरावर बंद होते. दुकानातली मोहोरेची लाख ती ही नव्हे. तिच्यात राळ असते, टर्पेंटाइन असते, खडूची भुकटी आणि शेंदरी रंग असतो. त्यामुळे ती चिवट होते. निव्वळ लाख ठिसूळ. कुरखेड्याहून एसटीच्या टपावर न टाकता मांडीवर ठेवून आणली, तरी मार्चच्या उन्हात आणि त्या रस्त्यावर ती तडकणारच. लच्छूच्या आईने, मैनाबाईने, ती घरी घोटली असणार. दुसऱ्या कोणाला हे सुचले नसते. लाख गोळा करणाऱ्या घरालाच वाटू शकते की सरकारी पाकिटाला लावायची तर असली लावावी.

दार उघडले आणि बापूराव आत आले. बाहेर चप्पल काढताना त्यांनी नेहमीप्रमाणे एक पाय दुसऱ्याच्या पोटरीवर पुसला. ते थेट एअरकंडिशनरपुढे गेले, कॉलर मागे ओढून मानेवर वारा घेत उभे राहिले. तोंडात खर्रा होता. त्याचा सुपारी-चुना-तंबाखूचा ओलसर वास थंड हवेतून सरळ चंदाच्या तोंडावर आला.

"झाला का तक्ता, उंदीरवाडे बाई?"

"चालू आहे."

"चालू आहे म्हणजे? चार रकाने तं हायेत. सर्वात कमी नागपूरवाला, खाली तुमची चिमणी मारा, झालं." चिमणी म्हणजे सही. मग ते मशीनच्या मागच्या वायरीकडे पाहत म्हणाले, "मागच्या मयन्यात वायर कुरतडली होती न इथी? तुमचेच नातेवाईक असतीन. उंदीरवाडे." हा विनोद ते महिन्यातून दोनदा करत. पहिल्यांदा ती हसली होती, नवी होती म्हणून. तेव्हापासून तो विनोद तिच्या नावावर चढला होता.

"बापूराव," ती म्हणाली, "ही तिन्ही दरपत्रकं कुठं छापलीत?"

बापूरावांनी तोंडातला ऐवज एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "ज्याच्या त्याच्या गावाले. काऊन?"

"सहजच."

"सहज नोका इचारत जाऊ, बाई. सहज इचारलं का लोकाइले वाटते कायतरी हाय." ते हसले. खालच्या ओठाच्या कोपऱ्यातून तपकिरी थेंब निसटला, तो त्यांनी मनगटाने टिपला, आणि जाता जाता तेच मनगट मशीनच्या आवरणाला पुसले. सवयीने. त्यांनी ते पाहिलेही नसावे. चंदाने पाहिले, आणि त्या आवरणावरच्या ओल्या पट्ट्यावरून तिला नजर काढता येईना.

मग तिने कागद पुन्हा हातात घेतले. आता ती वाचायला लागली, कारण इतका वेळ तिने नुसते पाहिले होते. अटी क्रमांक एक, दोन, तीन. सुटे भाग, भेटीचे दिवस, विजेच्या दाबाची जबाबदारी. चौथ्या अटीशी ती थांबली. 'खोलीचे तापमान बावीस अंश, अधिक-उणे दोन, राखणे ही ग्राहकाची जबाबदारी राहील.' इंग्रजीत छापलेल्या त्या ओळीत बावीस आणि दोन या आकड्यांच्या मध्ये एक लहानसे चिन्ह होते: अधिकचे चिन्ह आणि त्याच्या बुडाशी चिकटलेली आडवी रेघ. प्रिंटरच्या अक्षरांत हे चिन्ह नाही. ते आणायचे तर अधिक छापून डोके एक घर मागे घ्यावे लागते आणि त्याच जागी खालची रेघ छापावी लागते. ही युक्ती तिने स्वतः शोधून काढली होती, गेल्या पावसाळ्यात, एका रिकाम्या दुपारी, कारण नेमके बावीस अंश जगातली कुठलीही खोली राखू शकत नाही आणि मोजमापाला चुकीची मर्यादा लिहिल्याशिवाय ते मोजमापच नव्हे, असे तिला शिकवले होते. नागपूरच्या कागदावर ते चिन्ह होते. वर्ध्याच्या होते. चंद्रपूरच्याही होते.

तिला एकदम आठवले नाही. आधी फक्त बोटांना आठवले. मधले बोट एका विशिष्ट कळीकडे किंचित वाकले. मग एक दुपार हळूहळू वर आली, गाळातून बुडबुडा यावा तशी. होळीच्या आधीचे दिवस. बापूराव हाताने लिहिलेला कागद घेऊन आले होते. "बाई, हे जरा छापून द्या. अंदाजपत्रक हाय, पुढच्या बजेटाचं. तीन परकारचं लागते, जास्त, मध्यम, कमी. वरतं नाव-गावाची जागा रिकामी सोडजा, मंजुरी आली का ठसा मारतो." तिने विचारले होते, अटी कोणी लिहिल्या? "कोणी नाई. तुमीच टाका न. तुमाले समजते, आमाले का समजते?" आणि तिला किती बरे वाटले होते! सव्वा वर्षात पहिल्यांदा कोणी तिला तिच्या विषयातले विचारले होते. ती जेवणाच्या सुट्टीतही बसून राहिली होती. तिने अटी नीट क्रमाने लावल्या, विजेच्या दाबाची अट स्वतःहून घातली, तापमानाची घातली, अधिक-उणेसाठी प्रिंटरचे डोके मागे घेतले, तिन्ही प्रती सरळ कडेने कापल्या. बापूराव म्हणाले होते, "वा! छापखान्यावाणी." त्या दिवशी ती घरी चालत गेली तेव्हा गाणे गुणगुणत होती.

तरीही तिने खात्री केली. डब्यातली दुसरी फ्लॉपी काढली, मशीनमध्ये घातली. आतल्या चकतीने खरखर केली, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे एकेक उमटली. फायलीचे नाव 'अंदाज' असेच तिने इंग्रजी अक्षरांत ठेवले होते. तारीख २० फेब्रुवारी १९८९, वेळ दुपारी एक वाजून सदतीस मिनिटे. मशीनला लाज नसते आणि दया नसते, ते फक्त वेळ लिहून ठेवते. तिने फाइल उघडली आणि ओळीओळीने टेबलावरच्या कागदाशी ताडून पाहिली. एकही अक्षर वेगळे नव्हते. वर फक्त शिक्के आले होते. नागपूरची फर्म साहेबांच्या साडूची आहे हे इमारतीतल्या शिपायालासुद्धा ठाऊक होते. बाकीच्या दोन फर्मा बहुधा रबराच्या शिक्क्यांपलीकडे कुठे नव्हत्याच. आणि या सगळ्याला अंगावर घालायला कपडे तिने शिवून दिले होते, चांगले, मापाचे. चोराला घाई असते, त्याच्या कागदात कुठे ना कुठे ढिसाळपणा राहतो, तो पकडता येतो. हे कागद ढिसाळ नव्हते. स्वच्छ, विचारपूर्वक, शास्त्रशुद्ध होते, आणि तीच गोष्ट तिला सर्वात घाण वाटली. लच्छूच्या पाकिटाचा गोंद तिने हलकेच उकलला आणि आतला कागद काढला. रेघांच्या वहीचे पान, हाताने लिहिलेले, अक्षर गोल आणि जपून काढलेले. त्यात तापमानाची अट नव्हती. 'मशीन बंद पडल्याचा निरोप मिळताच त्याच दिवशी येईन. पुरात रस्ता बंद असल्यास दुसऱ्या दिवशी.' एवढेच होते. दर सर्वांत कमी होता.

तिचे वडील देवराव लाकडाच्या डेपोत हातोडा मारायचे. तोडून आणलेल्या सागाच्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर आकडा उठवायचा, त्यासाठी लोखंडी हातोडा, ज्याच्या तोंडालाच आकडे उलटे कोरलेले. ती सातवी-आठवीत असताना सुट्टीत त्यांचा डबा घेऊन जायची आणि ओंडक्यांच्या तोंडावरची वर्तुळे मोजत बसायची. एका ओंडक्यात तिने त्र्याण्णव वर्तुळे मोजली होती, म्हणजे ते झाड तिच्या आजीच्या आजीने पाहिले असेल. लिलावाच्या दिवशी ठेकेदार आधी मोहाच्या झाडाखाली चटईवर बसायचे, चहा प्यायचे, हसायचे, एकमेकांच्या मांडीवर थापा मारायचे. मग लिलाव सुरू झाला की त्यातला एकच बोलायचा; बाकीचे आभाळाकडे, आपल्या अंगठ्यांकडे, कुत्र्याकडे पाहत राहायचे. पुढच्या ढिगाला दुसरा बोलायचा. लहान चंदाने हे तीन ढीग नीट पाहिले, पाटीच्या मागे लिहून काढले आणि चौथ्या ढिगाला कोण बोलेल ते वडिलांना आधीच सांगितले. तसेच झाले. ती आनंदाने उडी मारणार होती. वडिलांनी तिचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. "चूप बस! आपलं काम हातोडा माराचं. लाकूड कोण नेते थे पाहाचं नाई." आणि मग, जरा वेळाने, हात सोडून, तिच्याकडे न बघता, "दिसते मले. मी का आंधळा हावो?" संध्याकाळी घरी आल्यावर ते सागाचा चीक काढण्यासाठी रॉकेलने हात धुवायचे. कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा, चीक निघून गेल्यावरही. तिला वाटायचे रॉकेलचा वास त्यांना आवडत असेल. परवाच्या पत्रात त्यांनी, म्हणजे शेजारच्या मुलाने त्यांच्यासाठी, लिहिले होते: 'नोकरी पक्की झाली की कळव. इथे सर्वांना सांगून ठेवले आहे.'

चार वाजता तिने तक्ता केला. मशीनवर नाही, मशीनला हात लावायची तिला इच्छा होईना. मोठ्या कागदावर पट्टीने रेघा आखून, हाताने. चार नावे, चार दर, चार अटींचे रकाने. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो रकाना अशा तक्त्यांत बहुधा रिकामा असतो. तिने त्यात लिहिले: 'मी स्वतः क्रमांक एक ते तीन ही दरपत्रके, याच कार्यालयातील प्रिंटरवर, दि. २० फेब्रुवारी रोजी छापली. चौथी सुई निकामी असल्याची खूण तिन्हींवर आहे. नोंदवही व फ्लॉपी पाहावी. क्रमांक चारचे पाकीट फाटलेले नाही. सील निव्वळ लाखेचे असल्याने प्रवासात तडकले. दर सर्वात कमी. काम माहितीचे व समाधानकारक.' मग खाली सही केली. 'योग्य आढळले' हे शब्द लिहिले नाहीत.   

साहेबांनी तक्ता दोनदा वाचला. ते साताऱ्याकडचे, बोलणे मऊ, आवाज कधी न चढणारा. बापूराव दाराशी उभे होते. टेबलावर काचेचा गोळा होता, त्याच्या पोटात रंगीत फुगे अडकलेले, आणि त्याच्याखाली तिचा आदेश. तिने तिकडे न पाहायचे ठरवले होते आणि ती तिकडेच पाहत होती.

"तुम्ही विज्ञानाच्या ना?" साहेबांनी विचारले.

"हो, सर."

"निरीक्षण छान आहे. खरंच. सुईचं माझ्या लक्षातही आलं नसतं." त्यांनी चष्मा काढला. "खोलीची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"नोंदवही कोणाच्या अक्षरात आहे?"

"माझ्या."

"म्हणजे हे तुम्ही कोणाविरुद्ध लिहिलंय, समजतंय ना तुम्हाला?"

"समजतंय, सर. म्हणूनच पहिला शब्द 'मी' आहे."

बापूराव दाराशी खाकरले. साहेब मात्र रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. रागाला निदान अंग असते, त्याला हात लावता येतो. त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाले, "बापूराव, ही प्रक्रिया रद्द. फेर दरपत्रकं मागवा. पारदर्शकता हवी, बाईंचं बरोबर आहे. तोवर महिनाभर तात्पुरतं काम नागपूरच्या फर्मकडे द्या, मशीन बंद ठेवता येणार नाही." मग जरा थांबून, पेनचे टोपण लावत, "आणि या वेळी आपल्या प्रिंटरवर काही छापू नका. ज्याचं त्याला छापू दे. टाइपरायटर वेगवेगळे असावेत."

"जी साहेब," बापूराव म्हणाले, आणि खिशातून कागद काढून हे लिहून घेतले.

चंदा बघत राहिली. तिने दाखवलेली चूक ते शिकून घेत होते. आज्ञाधारक विद्यार्थ्यांसारखे. पुढच्या वेळी रेघ नसेल, एकच चिन्ह तीनदा नसेल, शाई वेगळी, कागद वेगळा, चुकासुद्धा वेगवेगळ्या घातलेल्या असतील. तिने तपासणी केली होती आणि त्यांचे काम सुधारून दिले होते, दुसऱ्यांदा. साहेबांनी काचेचा गोळा उचलला, खालचा आदेश काढला, ड्रॉवर उघडून आत ठेवला आणि ड्रॉवर अगदी हळू बंद केला. "तुमच्यावर कामाचा ताण झालेला दिसतो. थोडी विश्रांती घ्या, मग बघू. चहा घेणार?" शिपायाने आधीच ठेवलेला कप त्यांनी तिच्याकडे सरकवला. त्यावर साय आली होती, सुरकुतलेली. तिने तो उचलला आणि प्याला. साय ओठाला चिकटली. "थँक्यू, सर," ती म्हणाली. हे शब्द बाहेर पडल्यावर तिला ऐकू आले, दुसऱ्याच कोणाच्या तोंडातून आल्यासारखे.

लच्छू सायकल स्टँडच्या पत्र्याखाली उकिडवा बसला होता. सकाळपासून तिथेच होता. पाच वीसची कुरखेडा गाडी सुटण्याआधी काहीतरी कळेल म्हणून. तिला पाहून उठला, पँटची मागची धूळ झटकली.

"का झालं वो, बाई?"

"रद्द झालं, लच्छूभाऊ. सगळंच. पुन्हा दरपत्रकं मागवणार आहेत."

त्याचा चेहरा उजळला. ते तिला पाहवेना. "म्हणजे मले आखीन मोका हाय न! मी तं म्हणलं, गेलं आता. तुमी सांगतलं असन साहेबाले. मायले म्हणतच होतो मी, थ्या बाई हायेत तिथी."

"लाख कोणी केली होती?"

"मायनंच. एकदम असली, बाई. कुसुमाची. तीनदा गाळली. म्हणे दुकानातली मिलावटवाली कायले लावतं, सरकारी काम हाय, इज्जतीचं काम हाय." तो ओशाळून हसला. "थे तडकली कशी, मले समजूनच नाई राह्यलं. मांडीवर धरून आणलं पाकीट. गोदीत लेकरू धरावं तसं."

तिला उत्तर ठाऊक होते. नेमके, प्रमाणासकट. ती बोलायला लागली, प्रयोगशाळेत बोलायची त्या आवाजात: निव्वळ लाख ठिसूळ असते, तिच्यात चौथा भाग राळ घाल, थोडे टर्पेंटाइन, मूठभर खडूची भुकटी, रंग हवा तर शेंदूर. मंद आचेवर ढवळ. मग वाकवली तरी तुटणार नाही. लच्छू मान हलवत होता, बोटांवर एकेक जिन्नस मोजत होता, पाठ करत होता.

"राळ, टर्पेंटाइन, खडू," तो म्हणाला. मग थांबला. "पण मंग त्याच्यात लाख कोठी राह्यली, बाई?"

गाडीचा हॉर्न वाजला. तो उत्तराची वाट न पाहता धावला. चार पावलांवरून वळून त्याने हात जोडले, आणि तिनेही जोडले.

तिने वर येऊन कुलूप उघडले. किल्ली उद्यापर्यंत तिच्याकडेच होती. एअरकंडिशनर बंद केलेला, खोली कोमट, तरी खर्ऱ्याचा वास तसाच धरून बसलेला. आवरणावरचा तपकिरी पट्टा वाळून कडक झाला होता. मघाशी जे करायला हवे होते ते तिने आता केले: तो पट्टा ओल्या फडक्याने पुसला. तो निघाला. मग ती खुर्चीवर बसली आणि नखाखालचा तो कण काढू लागली. टाचणीने निघेना. आतल्या नळावर धुऊन आली, निघाला नाही. पाण्यात लाखेचा थोडा रंग उतरतो, लाख उतरत नाही. ती विरघळते स्पिरिटमध्ये. फ्लॉपीच्या यंत्राचे डोके पुसायची स्पिरिटची बाटली कपाटात होती. तिने कापसाचा बोळा भिजवून नखाशी दाबून धरला. गार लागले, मग झोंबले. बोळा काढला तर लाल झालेला, विटकरी लाल, जखम पुसल्यासारखा. तिने तो टाकला आणि दुसरा घेतला. तोही लाल. कण केव्हाच विरघळला होता, बोट स्वच्छ दिसत होते, तरी तिने तिसरा बोळा भिजवला आणि मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा पुसत राहिली.